सत्तरच्या सत्तर सीट भरल्या, तरी विमान कंपनी बुडते कशी?

आमच्या अण्णांनी पस्तीस वर्षं इंदूरच्या सरवटे बसस्टँडजवळ ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस चालवलं. चार गाड्या स्वतःच्या, बाकी कमिशनवर. इंदूर-पुणे, इंदूर-नाशिक, सुट्ट्यांत शिर्डी. (स्टँड ज्यांच्या नावाचा आहे ते विनायक सीताराम सरवटे संविधान सभेचे सदस्य होते, हे ‘सरवटे, सरवटे’ ओरडणाऱ्या रिक्षावाल्यांना आता कोण सांगणार!) धंदा सोडून बरीच वर्षं झाली, पण कुठलीही गाडी दिसली की अण्णा आधी सवाऱ्या मोजतात.

डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि त्यांना पुरेल एवढं मनुष्यबळ कंपनीने तयार ठेवलं नव्हतं. देशातल्या दहापैकी सहाहून अधिक प्रवासी ज्या एका कंपनीने जातात, ती अडखळली आणि विमानतळांचे बसस्टँड झाले. त्याच महिन्यात बातमी आली की अल हिंद एअर आणि फ्लायएक्सप्रेस या दोन नव्या कंपन्यांना केंद्राचं ना-हरकत पत्र मिळालं. शंख एअरकडे ते आधीपासून होतंच. मी अण्णांना ती वाचून दाखवली.

“आणि याआधी ज्यांनी गाड्या टाकल्या, ते कुठे गेले?” अण्णांनी विचारलं.

यादी मोठी आहे. सरकारने १९८१मध्ये काढलेली वायुदूत. कॅप्टन गोपीनाथ यांची २००३ची एअर डेक्कन, जी पुढे किंगफिशरमध्ये गेली आणि किंगफिशर २०१२मध्ये जमिनीवर बसली. पॅरामाउंट, एअर पेगासस, एअर कोस्टा, एअर कार्निव्हल. नांदेड, जळगाव, कोल्हापूरच्या लोकांना आठवत असेल ती ट्रूजेट, २०२२मध्ये थांबली.

“पण विमान तर भरून जातं. माझी गाडी तीस सवारीत सुटायची आणि तरी घर चालायचं. सत्तर सवाऱ्या घेऊन माणूस बुडतो कसा?”

मी पेशाने हिशेब तपासणारा. त्या संध्याकाळी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर जे काही मांडलं, ते इथे देतो.

आधी हे प्रादेशिक म्हणजे कोण

मुंबई-दिल्ली, दिल्ली-बंगळूरू असे हमरस्ते सोडून लहान-मध्यम गावं जोडणारी कंपनी म्हणजे प्रादेशिक विमान कंपनी. तिचं नेहमीचं वाहन एटीआर-७२: पंखेवालं, सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं, फ्रान्स-इटलीच्या भागीदारीत बनणारं विमान. मोठ्या कंपन्यांच्या एअरबस ए-३२०मध्ये १८०च्या आसपास लोक बसतात. एटीआर सावकाश जातं, पण इंधन कमी पितं आणि आखूड धावपट्टीवर उतरतं. शिवाय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८०पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानाला उतरण्याचं शुल्क माफ आहे. जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर आसनं आणि माफीची मर्यादा ऐंशीची, हा योग इथल्या कंपन्यांना चांगलाच मानवतो.

म्हणजे सवलती आहेत. मग अडतं कुठे?

प्रत्येक फेरीत एक घाट

इंदूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या कुणालाही सेंधव्यापुढचा बिजासन घाट माहीत असतो. (आपला विमानतळ बिजासन टेकरीजवळ, आणि हा घाट वेगळा. बाहेरचे लोक नेहमी गोंधळतात.) डिझेल घाटात जळतं, सपाटीवर नाही. विमानाला मात्र प्रत्येक फेरीत घाट चढावाच लागतो. उड्डाण आणि वर चढणं यात इंजिन सगळ्यात जास्त इंधन खातं. दिल्लीला जा नाहीतर जबलपूरला, घाट एकच. फक्त जबलपूरच्या तिकिटात त्या घाटाची किंमत वसूल करायला पुढे सपाटी फारशी उरत नाही.

झीजही तशीच. इंजिनाचे काही भाग आणि चाकांची यंत्रणा यांचं आयुष्य उडालेल्या तासांपेक्षा चढ-उतारांच्या संख्येवर मोजतात. लहान पल्ल्याचं विमान दिवसात सहा-आठ वेळा चढतं-उतरतं. तेवढेच तास उडणारं लांब पल्ल्याचं विमान दोन-तीनदा.

आता गणित. हे आकडे सोयीसाठी मानलेले आहेत, कुठल्या कंपनीच्या ताळेबंदातले नाहीत. समजा सत्तर आसनांच्या विमानाच्या एका फेरीचा खर्च ३ लाख रुपये: १ लाख इंधनाचे, १ लाख विमानाचं भाडं आणि देखभाल, १ लाख वैमानिक, कर्मचारी, विमा, ऑफिस यांचे. कर वगैरे जाऊन एका तिकिटामागे कंपनीच्या हाती ५,००० रुपये पडतात. म्हणजे ६० सवाऱ्यांवर खर्च निघाला. एकसष्टाव्यापासून नफा. विमान खचाखच भरलं तर एका फेरीला ५० हजार सुटले.

अण्णांनी मान हलवली. साठाला खर्च निघणं म्हणजे शंभरातल्या शहाऐंशी जागा रोज, दोन्ही बाजूंनी, पावसाळ्यातल्या मंगळवारीसुद्धा भरायला हव्यात.

आता एक फेरी रद्द करा. ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं पडलं, विमान निघालंच नाही. इंधन वाचलं, म्हणजे १ लाख. बाकी जवळजवळ २ लाख तसेच डोक्यावर: भाडं चालू, पगार चालू, विमा चालू. ते भरून काढायला चार फेऱ्या सत्तरच्या सत्तर भरून न्याव्या लागतील. अण्णांची गाडी रद्द झाली की डिझेल वाचायचं आणि ड्रायव्हर टपावर झोपायचा. हप्त्याचा त्या दिवसाचा वाटा काय तो बुडायचा.

“मग भाडं वाढवा की”

हा पहिला आक्षेप सगळेच घेतात. वाढवता येत नाही, कारण त्या मार्गावर अण्णा उभे आहेत. रात्री जेवून स्लीपरमध्ये झोपलं की सकाळी पुणं. तिकीट एका मर्यादेपलीकडे गेलं की घरातले चौघं गादी-उशीचा विचार करतात. ज्याला कंपनी तिकीट काढून देते तो अधिकारी तेवढा हटत नाही, पण लहान शहरांत असे सत्तर अधिकारी रोज कुठून आणणार?

आणि खरी मेख पुढे आहे. समजा आपली छोटी कंपनी वर्षभर रखडून एक मार्ग बसवते. लोकांना सवय लागते, विमान भरायला लागतं. हे भरणं मोठ्या कंपनीला तिच्या संगणकावर दिसतं. ती त्याच वेळेला आपलं विमान लावते आणि तिकीट उतरवते. तिला चार महिने तोटा सोसणं अवघड नाही, बाकीचे शेकडो मार्ग ते झेलतात. छोटीला तिच्यामागे भाव उतरवावा लागतो.

आमच्या पानावर परत या. हाती ५,०००ऐवजी ४,३०० आले, तर खर्च निघायला सत्तर सवाऱ्या लागतात. म्हणजे विमान पूर्ण भरलं तरी हाती जवळजवळ शून्य. ४,००० झाले तर पंचाहत्तर लागतात, आणि विमानात जागाच सत्तर आहेत. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर या ओळीत आहे. भरलेलं विमान पाहून आपल्याला वाटतं धंदा जोरात चाललाय, आणि आत प्रत्येक फेरीला पैसे गळत असतात.

अण्णा म्हणाले, “हे मी केलंय. देवासच्या एका पार्टीसोबत.” कुठल्या बाजूने, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिकीट रुपयात, भाडं डॉलरमध्ये

बहुतेक विमानं कंपनीच्या मालकीची नसतात. परदेशी मालकाकडून वर्षांच्या कराराने भाड्याने घेतलेली असतात, त्याला लीज म्हणतात. भाडं डॉलरमध्ये. शिवाय उडालेल्या प्रत्येक तासामागे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी काही रक्कम बहुधा मालकाकडे जमा ठेवावी लागते, तीही डॉलरमध्ये. सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती, सगळं तिकडच्या चलनात. इंदूर-रायपूरचा प्रवासी मात्र रुपये देतो.

इंधनाचं थोडं वेगळं आहे. विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही. त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. इंदूर-भोपाळला हा दर एके काळी २५ टक्के होता, तो ४ टक्क्यांवर आणला गेला. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई-पुण्याचा २५वरून १८ केला. म्हणजे एकाच विमानाची टाकी इकडे भरली तर एक भाव आणि तिकडे भरली तर दुसरा. पण मूळ किंमत जागतिक तेलबाजारावर हलते, आणि तिथे ना भोपाळचं चालतं ना मुंबईचं.

आमच्या पानावर इंधन २० टक्क्यांनी महागलं, तर साठाचे चौसष्ट झाले. त्यात रुपयाही ५ टक्क्यांनी घसरून विमानाचं भाडं-देखभाल तेवढी महागली, तर पासष्ट. कंपनीने काहीही चूक केलेली नाही. विमान तेच, वैमानिक तोच, मार्ग तोच; पाच सवाऱ्या मात्र हवेतून आणायच्या.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. फरक एवढाच की शेकडो विमानांची मागणी एकदम नोंदवणाऱ्याला भाव वेगळा मिळतो आणि तीन विमानं मागणाऱ्याला वेगळा. घाऊक आणि किरकोळ.

चारातली एक नेहमी गॅरेजला

मला विचाराल तर छोट्या कंपन्यांचा खरा काळ इथे आहे, आणि बातम्यांत याबद्दल सगळ्यात कमी येतं.

तीन विमानांची कंपनी. एक तपासणीसाठी हँगरमध्ये गेलं आणि त्याचा एक भाग परदेशातून यायचा राहिला. एका दिवसात एक तृतीयांश वेळापत्रक गेलं. चारशे विमानांच्या कंपनीला एक विमान बसलं तर कळतही नाही. राखीव विमान ठेवावं म्हटलं, तर त्याचं भाडं उरलेल्या दोन विमानांनी कमवायचं.

मग दोन-तीनदा फेऱ्या रद्द होतात. व्यापारी माणूस म्हणतो, याचा भरवसा नाही, आणि इंडिगोचं नाहीतर अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढतो. विमान रिकामं जायला लागतं. उत्पन्न घटतं, भाडं थकतं, मालक नोटीस देतो. एअर पेगासस २०१६मध्ये थांबली ती थकलेल्या भाड्यावरूनच.

वैमानिकांचंही तसंच. एटीआर चालवायला वेगळं प्रशिक्षण लागतं, त्यावर कंपनी खर्च करते. माणूस तयार झाला की त्याला जेट विमानाची नोकरी खुणावते. अण्णांकडे शिकलेले क्लीनर पुढे दुसऱ्यांच्या व्होल्व्हो चालवायला गेले, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, अंधाराची. मोठ्या कंपन्या विमान दिवसाला अकरा-बारा तास हवेत ठेवायचा प्रयत्न करतात, कारण भाडं घड्याळावर चालतं. कित्येक लहान विमानतळांवर रात्री उतरायची सोय नाही. तिथे जाणारं विमान सूर्य मावळला की बसून राहतं. आणि दिवसा मुंबईला न्यावं, तर तिथे स्लॉट मिळत नाही. स्लॉट म्हणजे उतरण्या-निघण्याची ठरलेली वेळ. स्टँडवर प्लॅटफॉर्म मिळण्यासारखंच. मिळालाच तर असा अडनिडा, की घरून पहाटे तीनला निघावं लागेल. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, त्याने थोडी जागा होईल.

“पण सरकार पैसे देतं ना?”

देतं, पण मुदतीने.

‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. कल्पना साधी होती: तासाभराच्या प्रवासाला काही ठरावीक जागा २,५०० रुपयांत विका, त्या भावात जी तूट येईल ती सरकार भरेल. या रकमेला व्हायाबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात, आपण तूटभरपाई म्हणू. तीन वर्षं भरपाई आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरा कोणी नको. पैसा येतो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारणीतून आणि काही वाटा राज्यांकडून. म्हणजे तुम्ही इंदूरहून दिल्लीला जाता तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तिकिटातले काही पैसे तुम्ही भरत असता.

मला ही योजना वाईट वाटत नाही. एसटीही गावोगाव अशीच गेली. ज्या फाट्यावर चार माणसं चढतात तिथली गाडी पुणे-मुंबईच्या जिवावर चालते. पण तीन वर्षांत बाळ चालायला लागेल, हे गृहीतक फार धाडसाचं होतं. महालेखापालांच्या २०२३च्या अहवालात त्याचे आकडे आहेत. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि भरपाई संपल्यावरही मार्च २०२३पर्यंत टिकले ते फक्त ५४. शंभरात सात.

इंदूरकरांनी यातला एक अंक जवळून पाहिला. फ्लायबिग या कंपनीचं पहिलं व्यावसायिक उड्डाण ३ जानेवारी २०२१ला आपल्याच विमानतळावरून अहमदाबादला गेलं. मार्च २०२२मध्ये तिने ‘उडान’खाली इंदूर-गोंदिया-हैदराबाद सुरू केलं. गोंदिया, बालाघाटकडे नातेवाईक असलेल्या किती घरांत त्या दिवशी आनंद झाला असेल! काही महिन्यांत ते बंद पडलं आणि कंपनीचं बस्तान ईशान्येकडे हललं. पुढे १ डिसेंबर २०२३ला गोंदियाहून हैदराबादला इंडिगो सुरू झाली. वाट एकाने तुडवायची आणि गाडी दुसऱ्याने न्यायची, असं हे.

इथेच लोक म्हणतात की एवढे विमानतळ बांधले, मग विमानं का नाहीत? ग्वाल्हेरचं नवं टर्मिनल मार्च २०२४मध्ये उघडलं, सुंदर आहे, कमानी वगैरे सगळं. पण टर्मिनल म्हणजे स्टँड. स्टँड कितीही चकाचक केला तरी गाडी सवाऱ्यांसाठी सुटते, फरशीसाठी नाही.

टिकतात ते कसे टिकतात

सगळेच बुडत नाहीत. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी २०१९पासून उडते आहे; बेळगाव-इंदूर तिनेच जोडलं होतं. तिच्याकडे लहान जेट आहेत, एम्ब्राएर बनावटीची, काही पन्नास आणि काही शहात्तर आसनांची. पन्नास सवाऱ्या जिथे मिळतात तिथे १८० आसनांचं विमान आणणं मोठ्याला परवडत नाही. म्हणजे त्या मार्गावर ती आपोआप सुरक्षित. शिवाय पाठीशी दुसरे धंदे असलेला समूह आहे, एखादा वाईट हंगाम निघून जातो. मार्च २०२४मध्ये गोव्याहून सुरू झालेल्या फ्लाय ९१ने एकाच जातीचं विमान, एटीआर, ठेवलं आणि सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर अशी गावं धरली. एकच जात म्हणजे सुटे भाग एक, मेकॅनिक एक, वैमानिक कुठल्याही विमानावर बसवता येतो. अलायन्स एअरमागे सरकार आहे, तिचं गणित वेगळंच.

म्हणजे युक्ती अशी की मोठ्याची नजर जाणार नाही एवढं लहान राहायचं आणि भाडं थकणार नाही एवढं कमवायचं. फट अरुंद आहे. एक विमान जास्त घेण्याच्या मोहात बरेच जण त्या फटीतून बाहेर पडले.

“आणि आपल्या तिकिटाचे पैसे?”

हा प्रश्न अण्णांनी शेवटी विचारला, पण माझ्या मते तो पहिला हवा.

दिवाळीचं तिकीट आपण ऑगस्टमध्ये काढतो. पैसे ऑगस्टमध्ये जातात, सेवा नोव्हेंबरमध्ये मिळते. मधल्या काळात ते कंपनीवर आपलं बिनव्याजी कर्ज असतं. अडचणीतली कंपनी नेमक्या याच पैशातून आजचं इंधन भरते. म्हणूनच पुढच्या तारखांचे सेल अचानक जोरात लागले की माझ्यासारख्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. सेल लागणं हा काही पुरावा नव्हे, मोठ्याही कंपन्या लावतात. पण ज्या कंपनीच्या फेऱ्या या आठवड्यात रद्द होतायत, तिने तीन महिन्यांनंतरची तिकिटं फुंकायला काढली, तर जरा थांबावं.

उड्डाण कंपनीने रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं उड्डाण, असा नियम आहे. कंपनी चालू असेपर्यंत तो कामाचा. ती दिवाळखोरीत गेली की आपण धनकोंच्या रांगेत उभे राहतो, बँकांच्या खूप मागे. गो फर्स्ट प्रादेशिक नव्हती, ५४ विमानांची मोठी कंपनी होती. मे २०२३मध्ये ती एका रात्रीत थांबली आणि तिकीटवाले अडकले. विमानमालकही अडकले होते. एप्रिल २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर त्यांची विमानं सुटली. त्यानंतर २०२५मध्ये संसदेने विमानमालकांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा केला. मालक निर्धास्त झाला तर भाडं उतरेल, अशी आशा आहे. दुसरी बाजू अशी की भाडं थकल्यावर विमान आता लवकर ओढून नेतील, म्हणजे आजारी कंपनीला श्वास घ्यायला कमी दिवस.

माझं स्वतःचं एका छोट्या कंपनीचं तिकीट असंच गेलं होतं. भाच्याच्या मुंजीला जायचं, आदल्या रात्री मेसेज आला: ‘ऑपरेशनल कारणांमुळे’. परतावा सात महिन्यांनी आला, आणि तोही मी क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे ‘सेवा मिळाली नाही, रक्कम उलटवा’ असा अर्ज केल्यावर. यूपीआयने पैसे भरले असते तर तो रस्ताही इतका सरळ नव्हता. तेव्हापासून लहान कंपनीचं तिकीट मी कार्डावर, जवळच्या तारखेचं काढतो, आणि मुंज किंवा परीक्षा असेल तर त्या रात्रीची रेल्वे बघून ठेवतो. काढतो मात्र जरूर. कुणीच नाही काढलं, तर साठावी सवारी यायची कुठून?

अण्णांनी पान हातात घेऊन पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. ६०, ६४, ६५, ७०, ७५. मग चष्मा काढला.

“ते जे नवे येतायत ना,” ते म्हणाले, “किती विमानांवर सुरू करतायत म्हणे?”